खोटा फोन खरा का वाटतो?

ऑनलाइन जाहिरातीच्या नावाखाली एखाद्या छोट्या व्यावसायिकाला गंडा घातला गेला, की आजूबाजूच्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'एवढंही कळलं नाही का?' अडाणीपणा नडला, लोभ नडला, असं म्हणून विषय संपवला जातो. मला हे निदान चुकीचं वाटतं. निदान चुकतं म्हणूनच त्यावरचे उपायही तोकडे पडतात. अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका, मोहाला बळी पडू नका, हे सगळं बरोबरच आहे. पण गूगलसारख्या कंपनीच्या नावाने आलेल्या खोट्या फोनवर पैसे भरणारा माणूस पुष्कळदा मोहात पडलेला नसतोच. तो घाबरलेला असतो. आपला धंदा लोकांना दिसेनासा होईल ही त्याची भीती आहे, आणि ती निराधार नाही.

२०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापार आयोगाने, फ्लोरिडातल्या पॉइंट ब्रेक मीडिया या कंपनीविरुद्ध उचललेली कारवाई या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आयोगाच्या तक्रारीनुसार या मंडळींचे रेकॉर्ड केलेले फोन लहान व्यावसायिकांना जायचे. फोनवरचा आवाज आपला गूगलशी संबंध असल्याचं भासवायचा. गूगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या नोंदीची पडताळणी झालेली नाही, आत्ताच बटण दाबून आमच्याशी बोला, नाहीतर तुमचा व्यवसाय 'कायमचा बंद' असा दिसू लागेल, असं तो सांगायचा. बटण दाबलं की पलीकडे विक्रेता हजर. ३०० ते ७०० डॉलर भरले की शोधाच्या पहिल्या पानावर जागा पक्की, असं आश्वासन. ज्यांनी पैसे भरले त्यांच्यापैकी काहींच्या गळ्यात मग दरमहा शुल्काची आणखी महाग योजना मारली जायची. एकदा पैसे दिलेल्या माणसाचं नाव पुढच्या भामट्याच्या यादीत वर जातं, ही या धंद्याची जुनी रीत आहे. काही महिन्यांनी 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो' असा फोन येतो, तोही बहुधा अशाच यादीवरून आलेला असतो.

या फोनची सुरुवात आमिषाने होत नाही, धमकीने होते. आणि धमकी परतवायला लागणारी माहिती अगदी थोडी आहे. गूगलवर व्यवसायाची नोंद करणं फुकट आहे, आणि ती चालू ठेवायलाही पैसे लागत नाहीत. जवळपासच्या शोधात कोण वर दिसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. हा क्रम पैसे देऊन बदलत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि ती जाहिरात असल्याचं तिच्यावर लिहिलेलं असतं. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. म्हणजे उत्तर उघड्यावर पडलेलं आहे. तरीही ते फोन उचलणाऱ्यापर्यंत वेळेवर का पोचत नाही?

माझ्या मते याचं कारण असं, की खऱ्या कंपनीचा आवाज त्याने कधी ऐकलेलाच नसतो. बँकेच्या नावाने कोणी फोन केला तर शाखेत जाऊन विचारता येतं, कारण शाखा आहे, तिथे ओळखीची माणसं आहेत. शोधयंत्रावर आणि समाजमाध्यमांवर निम्मा धंदा अवलंबून असलेल्या व्यावसायिकाला त्या कंपनीतला एकही माणूस माहीत नसतो. नोंद का खाली गेली, रिव्ह्यू का गायब झाला, खातं का गोठवलं, हे विचारायचं कुणाला, हे त्याला कळत नाही. अशा शांततेत एके दिवशी कोणीतरी त्या कंपनीचं नाव घेऊन, त्याच्या व्यवसायाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर बरोबर सांगून बोलू लागतं. ही सगळी माहिती नकाशावर जगजाहीर आहे, हे त्या क्षणी सुचत नाही. अखेर कोणीतरी बोललं, एवढंच जाणवतं.

त्यात धमकीलाही थोडा खरेपणाचा आधार असतो, हे मान्य केलं पाहिजे. नकाशावरची एखादी जागा 'बंद झाली आहे' अशी सूचना कोणीही पाठवू शकतो, आणि अशा सूचना कधीकधी स्वीकारल्याही जातात. नियमभंगाच्या संशयावरून प्रोफाइल, म्हणजे गूगलवरच्या व्यवसायाच्या नोंदी, निलंबित होतात, त्यात प्रामाणिक माणसंही सापडतात. एवढंच काय, व्यवसायाच्या वेळा विचारून घेण्यासाठी गूगलच्या यंत्रणेकडून खरोखरच स्वयंचलित फोन जातात. त्यामुळे 'रेकॉर्ड केलेला आवाज म्हणजे खोटा फोन' हा सोपा नियमही टिकत नाही. आवाजावरून खरं-खोटं ओळखण्याचा प्रयत्न सोडूनच द्यावा. मागणी काय आहे ते पाहावं. पडताळणीचा कोड, पासवर्ड किंवा पैसे मागितले, की फोन ठेवायचा आणि नेहमीच्या मार्गाने स्वतःच्या खात्यात जाऊन पाहायचं. खरी अडचण असेल तर तिची सूचना तिथे दिसेल. फेसबुक पेजवर 'कॉपीराइटचा भंग झाला आहे, चोवीस तासांत पेज काढून टाकू' असा संदेश येतो, त्यालाही हेच लागू. त्या संदेशातल्या लिंकवर पासवर्ड टाकला तर पेज हातचं जातं, आणि त्याला जोडलेल्या कार्डावर परक्याच्या जाहिराती चालू लागतात.

डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, बिलांचा प्रकार तर याहून जुना. संकेतस्थळाचं नाव ज्या कंपनीकडे नोंदवलेलं असतं तिचा काही संबंध नसलेली दुसरीच कंपनी, नूतनीकरणाच्या बिलासारखं दिसणारं पत्र पाठवते. पैसे भरले की नाव तिच्याकडे वळतं. डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या कंपनीवर याच कारणासाठी अमेरिकी आयोगाने २००३ मध्ये कारवाई केली होती. हा डाव चालतो कारण बिल भरणारा माणूस आणि डोमेन घेणारा माणूस बहुधा वेगळे असतात. कोणतं नाव कुणाकडे नोंदवलं आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे हिशेबाच्या वहीत एका ओळीत लिहून ठेवलेलं असलं तर पुरतं.

पण ही झाली उघड भामटेगिरी. माझ्या मते सगळ्यात खोल नुकसान हे भामटे करत नाहीत. ते होतं रीतसर करार करून, पावती देऊन, ठरलेलं थोडंफार काम करणाऱ्या एजन्सीकडून. ही एजन्सी संकेतस्थळ बनवून देते आणि डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवते. गूगलवरची प्रोफाइल स्वतःच्या ईमेलवर उघडते, जाहिरातींचं खातं स्वतःचं वापरते. नोंदीतला व्यवसायाचा फोन नंबर काढून तिथे 'कॉल मोजण्यासाठी' म्हणून आपला नंबर घालते. त्या वेळी यातलं काहीच खटकत नाही. उलट डोक्याची कटकट गेली म्हणून बरं वाटतं. खरा प्रसंग येतो तो काम पसंत न पडून एजन्सी बदलायची म्हटल्यावर. तेव्हा कळतं की वर्षानुवर्षं जमलेले रिव्ह्यू, नियमित गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेला संकेतस्थळाचा पत्ता, लोकांनी जपून ठेवलेला नंबर, जाहिरातींच्या निकालांचा सगळा इतिहास, यातलं काहीही आपल्या ताब्यात नाही. मग जुनाच करार वाढवायचा, मागतील तेवढे पैसे देऊन सोडवून घ्यायचं किंवा शून्यापासून सुरुवात करायची, एवढेच मार्ग उरतात. फसवणूक झाली असं म्हणावं तर तक्रार नेमकी कशाची करायची, हेही समजत नाही.

इथे कागदावर नाव कुणाचं आहे यावर सगळं ठरतं. डोमेनचंच पाहा. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम आहे, की नावं नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे नाव न्यायचं असेल तर त्यासाठी लागणारा कोड मागितल्यापासून पाच दिवसांत मिळाला पाहिजे. चांगलं संरक्षण आहे हे. पण ते मिळतं नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याला. तिथे एजन्सीचं नाव असेल तर नियम एजन्सीच्या बाजूने उभा राहतो. म्हणून संकेतस्थळाच्या रंगरूपावर चर्चा करण्याआधी डोमेन स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने घ्यावं. प्रोफाइलमध्ये 'मालक' आणि 'व्यवस्थापक' अशा वेगळ्या भूमिका असतात. एजन्सीला फोटो टाकायला, उत्तरं द्यायला व्यवस्थापकाचा अधिकार पुरतो. जाहिरातींचं खातं आपलं ठेवून एजन्सीला तिच्या व्यवस्थापक खात्यातून जोडून घेता येतं, आणि फेसबुकवर भागीदार म्हणून प्रवेश देता येतो. पासवर्ड देण्याची गरज यातल्या कशालाही नसते. 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' असं एखादी एजन्सी म्हणाली तर तिथून निघावं, मग तिचं काम कितीही देखणं असो. हीच काळजी नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या आणि हौसेने पेज काढून देणाऱ्या नातेवाइकाच्या बाबतीतही घ्यावी लागते. तिथे दुष्टावा नसतो, पण त्या माणसाचा ईमेल बंद पडला की परिणाम तोच होतो.

याच एजन्सींच्या मासिक अहवालांबद्दलही सांगायला हवं. त्यांत आकडे भरपूर असतात. जाहिरात किती वेळा दिसली, पेजचे अनुयायी किती वाढले, किती शब्दांसाठी पहिल्या पानावर आलो. पण कोणत्या शब्दांसाठी? तुमच्या व्यवसायाचंच नाव टाकून शोधलं तर तुम्हीच वर येणार, त्याला कोणाच्या मेहनतीची गरज नाही. जे कोणी कधी शोधतच नाही असे लांबलचक शब्दसमूह निवडले तरी पहिलं पान सहज मिळतं, आणि 'हमी' कागदोपत्री पुरी होते. जाहिराती तुमच्याच नावावर लावल्या, तर जो गिऱ्हाईक तसाही येणार होता तो जाहिरातीमुळे आला असं अहवालात दाखवता येतं. यातलं काहीच खोटं नसतं, म्हणून ते पकडता येत नाही. येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' असं विचारून लिहून ठेवलेली साधी नोंद अशा अहवालापेक्षा जास्त खरं सांगते.

झटपट रँकिंगसाठी, म्हणजे शोधात लवकर वर दिसण्यासाठी, दुसऱ्यांच्या पानांवर आपल्या संकेतस्थळाच्या लिंक विकत घेऊन टाकल्या जातात, त्यांचं तर दुखणं मागे राहतं. जे. सी. पेनी या बड्या अमेरिकी दुकानसाखळीसाठी हजारो पानांवर पेरलेल्या अशा लिंक २०११ मध्ये उघडकीस आल्या, तेव्हा गूगलने तिला निकालांत खाली ढकललं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, गूगलच्या शोधपद्धतीतल्या पेंग्विन नावाच्या बदलाने असे डाव करणाऱ्या असंख्य संकेतस्थळांना फटका बसला. मोठी कंपनी असला धक्का पचवते. छोट्या व्यावसायिकाला तर आपल्या नावावर कोणी काय पेरून ठेवलं आहे, हेही ठाऊक नसतं. पेरणारी एजन्सी तोवर निघून गेलेली असते.

रिव्ह्यूंच्या बाबतीत मला छोट्या व्यावसायिकाशीही थोडं कठोर बोलायचं आहे. एका रात्रीत दहा-वीस एक-तारा रिव्ह्यू पाडायचे आणि मग 'काढून हवे असतील तर पैसे द्या' असा संदेश पाठवायचा, ही शुद्ध खंडणी आहे. पैसे देऊ नयेत, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवावेत, कंपनीला आणि पोलिसांना कळवावं. पण पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू घाऊक विकत घेणारा व्यावसायिक स्वतः त्याच बाजाराचा गिऱ्हाईक आहे. आज चांगले रिव्ह्यू विकणाऱ्याला उद्या वाईट रिव्ह्यू विकायला काहीच अडचण नसते, आणि आपण खोटे रिव्ह्यू घेतल्याचा पुरावाही त्याच्याचकडे असतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या रिव्ह्यूंची खरेदी-विक्री थेट दंडनीय ठरवणारा नियम लागू झाला आहे, आणि तो विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही बांधतो. मला तो योग्य वाटतो. २०२३ मध्ये गूगलने एका माणसावर कॅलिफोर्नियात दावा लावला. त्याने ३५० हून अधिक बनावट व्यवसायांच्या नोंदी आणि १४,००० हून अधिक खोटे रिव्ह्यू तयार केले, असा आरोप होता. अशा बनावट नोंदींवर आलेली चौकशी पुढे खऱ्या व्यावसायिकांना 'लीड', म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, म्हणून विकली जाते. म्हणजे गिऱ्हाईक शोधत होतं आपल्यासारख्यालाच, मध्ये खोटा उभा राहिला, आणि तेच गिऱ्हाईक आपल्याला पैसे घेऊन परत दिलं.

आता कायद्याकडे येतो, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. ग्राहकाला वाचवणारे कायदे पुष्कळ देशांत आहेत, पण त्यांची व्याख्याच अशी असते की धंद्यासाठी काही विकत घेणारा माणूस ग्राहक ठरत नाही. युरोपात व्यवसायांना 'तुमची माहिती तपासून परत पाठवा' असे फॉर्म वर्षानुवर्षं येत होते. सही करून पाठवले की कळायचं, बारीक अक्षरांत कोणत्याशा निर्देशिकेत, म्हणजे डिरेक्टरीत, सशुल्क नोंदणीचा करार होता. मग बिलं आणि वसुलीच्या धमक्या. शेकडो तक्रारी आल्यावर १६ डिसेंबर २००८ रोजी युरोपीय संसदेने या निर्देशिका कंपन्यांविरुद्ध ठराव केला. तो करावा लागला, कारण अनुचित व्यापारी प्रथांविरुद्धचा २००५ चा युरोपीय निर्देश फक्त ग्राहकांसाठी आहे, व्यावसायिकांसाठी नाही. एकट्याने दुकान चालवणारा माणूस आणि हजारो नोकरांची कंपनी, दोघेही त्याच्या दृष्टीने सारखेच 'व्यापारी'. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'व्यापारी हेतू'ची खरेदी वगळली आहे, पण निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी हेतूची मानलेली नाही. हा अपवाद फार शहाणपणाचा आहे. सगळीकडे असाच विचार हवा: ज्याच्याकडे ना वकील आहे, ना संगणक विभाग, त्याला कराराच्या टेबलावर मोठ्या कंपनीइतका जाणकार समजणं अन्याय आहे. ठरवलं तर काय होतं याचं उदाहरणही आहे. अमेरिकी आयोगाने जून २०१८ मध्ये छोट्या व्यवसायांना लुबाडणाऱ्यांविरुद्धची 'ऑपरेशन मेन स्ट्रीट' ही मोहीम जाहीर केली, तेव्हा त्यात केंद्र आणि राज्य पातळीवरच्या मिळून २४ कारवाया होत्या.

जबाबदारीचा दुसरा वाटा या मोठ्या कंपन्यांचा आहे. यावर नेहमीचं उत्तर असतं, की सेवा फुकट आहे आणि कोट्यवधी नोंदींना माणसं कशी पुरवायची. पण फेसबुक चालवणाऱ्या मेटाचं जवळजवळ सगळं आणि गूगलच्या मूळ कंपनीचं बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येतं, आणि त्या जाहिराती देणाऱ्यांत हेच छोटे व्यावसायिक आहेत. आपल्या नावाने कोणी फोन करत असेल तर 'हा फोन आमचा आहे का' एवढं विचारता येईल अशी एक जागा खात्यातच ठेवणं त्यांना अशक्य नाही. कंपनीने व्यावसायिकाला पाठवलेला प्रत्येक संदेश, केलेला प्रत्येक फोन एका ठिकाणी दिसला, तर जो तिथे नाही तो खोटा, हे कोणालाही ठरवता येईल. मालकी बळकावलेली प्रोफाइल परत मिळवण्यासाठी आज मागणी पाठवून वाट पाहावी लागते. तिथेही कागदपत्रं तपासून निकाल देणारा माणूस हवा. 'धंदा करायचा तर सावध राहायलाच हवं' हे मला मान्य आहे. पण सावध राहायला काहीतरी पडताळून पाहता आलं पाहिजे, आणि पडताळण्याची सोय ज्याच्या हातात आहे त्याने ती पुरेशी दिलेली नाही.

या क्षेत्रात प्रामाणिकपणे काम करणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि या सगळ्याची किंमत तीही मोजतात. शोधातला फरक दिसायला महिने लागतात, असं पहिल्याच भेटीत सांगणारा माणूस आठवड्यात पहिला क्रमांक देणाऱ्यापुढे हरतो. त्यांच्या संघटनांनी स्वतःहून करारात एक कलम घालावं, की काम संपल्यावर सगळी खाती, नावं आणि नंबर कोणत्याही अटीविना व्यावसायिकाकडे राहतील. त्यामुळे त्यांना वेगळं ओळखणं सोपं जाईल.

आणि ज्याची फसवणूक झाली आहे त्याने गप्प बसू नये. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे तो व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते, पण तिला मुदत असते, म्हणून पहिला फोन बँकेला करावा. मग सायबर पोलिसांकडे किंवा ग्राहक यंत्रणेकडे लेखी तक्रार द्यावी, आणि आपल्या व्यापारी संघटनेलाही तिची प्रत द्यावी. रक्कम छोटी आहे, लोक काय म्हणतील, या विचाराने बहुतेक जण ती देत नाहीत, आणि तोच नंबर, तेच वाक्य शेजारच्या दहा जणांकडे जातं. अशा प्रकरणांत पुरावा उभा राहतो तो एकसारख्या अनेक तक्रारींतून. फोन कधी आला, कोणत्या नंबरवरून आला, समोरच्याने कोणाचं नाव घेतलं आणि पैसे कोणत्या खात्यात मागितले, एवढ्या चार गोष्टी त्यात असल्या तरी दहा तक्रारी एकमेकींना जोडता येतात.